जिंकलेल्या मुलखातलं देऊळ

वसुधा म्हणते, या प्रवासाबद्दल लिहायचंच असेल तर सुकटीच्या बरणीपासून सुरुवात कर. मी करणार नाही. सुरुवात करायला हवी ती मिसिसागाच्या लायब्ररीत शेवटच्या रांगेत बसलेल्या बाईपासून. ती आली नसती, तर सत्तरी गाठलेल्या आम्ही दोघी ओंटारिओच्या पार दुसऱ्या टोकाला गाडी हाकत गेलोच नसतो, आणि सुकटही सांडली नसती.

मी फिलोमिना. मूळची वसईची, ख्रिस्ती. इथल्या एका कॉलेजात मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकवला, आणि रिटायर झाल्यापासून बेसमेंटमध्ये बसून एक पुस्तक लिहितेय. विषय असा, की मध्ययुगात एखादा मुलूख नव्याने जिंकला की त्या मुलखात चर्च काय करायचं. माझा मुलूख म्हणजे बाल्टिक समुद्राचा काठ. तिथे जर्मन सरदार आणि बिशप एकाच गलबतातून उतरले. देवराया तोडल्या, गावंच्या गावं नदीकाठी उभी करून बाप्तिस्मा दिला, आणि लगेच दशमांश, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा, चर्चला लावला. लिव्ह नावाचे तिथले लोक बिशपची पाठ वळताच नदीत उतरले आणि त्यांनी तो बाप्तिस्मा धुऊन टाकला, नदीबरोबर परत जर्मनीला पाठवून दिला. हे आपल्याला कळतं ते सुद्धा एका पाद्र्याच्याच बखरीतून. धुणाऱ्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही.

पुस्तक पूर्ण झालं होतं. शेवटचं वाक्यही ठरलं होतं: ‘कालांतराने हरलेल्यांनी हा धर्म आपला म्हणून स्वीकारला.’ त्या लायब्ररीत मी तेच वाचून दाखवलं, आणि वर ऐटीत म्हटलं, “पुरावा हवा असेल तर माझ्याकडे बघा. पोर्तुगीजांनी वसई जिंकली, त्यामागोमाग फादर आले. आज आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात, आणि त्या देवळावर आमचा जीव आहे.”

टाळ्या झाल्या. मग शेवटच्या रांगेतली बाई उठली. केस पांढरे, अंगात जाड शर्ट. म्हणाली, “माझं नाव रोझ. मी अनिशिनाबे आहे, इथल्या मूळ रहिवाशांपैकी, ओंटारिओच्या पश्चिम टोकाला राहते, बहिणीकडे आले होते. तुमच्या पुस्तकात हरलेली माणसं बोलतच नाहीत. मग त्यांनी स्वीकारलं हे तुम्हाला सांगितलं कोणी?”

मी काहीतरी उत्तर दिलं. काय ते आठवत नाही, म्हणजे वाईटच असणार. नंतर कॉफी घेताना ती म्हणाली, तिच्या वस्तीत एक लाकडी चर्च आहे आणि त्याची किल्ली तिच्याकडे असते. “सप्टेंबरमध्ये तळ्यात भात तयार होतो. तेव्हा या, आणि बघून मग लिहा.”

रात्री झोप लागेना. तिचा प्रश्न पुस्तकापुरता नव्हता. मी रोज जपमाळ करते, ती कुणाची? माझी, की ज्याने आमचा किल्ला घेतला त्याची? सकाळी उठून मी संपादकाला कळवलं, छपाई थांबव. तो म्हणाला, फार तर महिनाभर. मी म्हटलं, बघू.

सडबरीच्या वाटेवर

एवढं लांब मला एकटीला ड्राइव्ह करवेना, म्हणून वसुधाला विचारलं. वसुधा नागपूरची, निवृत्त दातांची डॉक्टर, देवधर्म सगळा यथासांग करणारी, आणि गेली कित्येक वर्षं माझी शेजारीण. “चर्च पाहाले चारशे कोस कायले जाऊन राहिली? आपल्या कोपऱ्यावर आहे नं एक!” असं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी विंटर जॅकेट, थर्मास आणि पोळ्यांची चळत घेऊन दारात हजर झाली.

मी माझी सुकटीची चटणी घेतली होती. सडबरीच्या अलीकडे एका वळणावर बरणी लवंडली आणि तेल सीटखाली झिरपलं. वसुधा शुद्ध शाकाहारी. तिने चारही काचा खाली केल्या, नाकाला ओढणी लावली आणि म्हणाली, “फिलू, अख्खा वसईचा बाजार बसवला वो तू माझ्या गाडीत. आता हे गाडी विकाले काढली तरी घेणारा पळून जाईन.” पुढचे दोन दिवस आम्ही त्या वासात काढले. मोटेलमधला मुलगा आमच्या बॅगा उचलताना जरा लांब धरत होता.

लेक सुपिरियर

ज्यांनी हे तळं पाहिलं नाही त्यांना तळं हा शब्द सांगून उपयोग नाही. वसईच्या किनाऱ्यावर वाढलेली मी, पण वावा गावाच्या अलीकडे रस्ता उतारावरून खाली आला आणि समोर ते पाणी आलं, तेव्हा मी नकळत हवेत मिठाचा वास शोधला. लाटा तशाच, क्षितिज तसंच, वास मात्र देवदाराचा. खडक लालसर, त्यांच्या फटींतून बर्चची झाडं पिवळी पडायला लागलेली. आम्ही काठावर बसून पोळी आणि लसणाची चटणी खाल्ली. वसुधा दोन्ही हात जोडून पाण्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, नमस्कार कुणाला? म्हणाली, “एवढ्या पाण्याले नमस्कार नाही करायचा त मंग कोणाले करायचा?”

मला हेवा वाटला. तिला कोणी विचारत नाही की बाई, तुझा देव तुझ्याकडे आला कसा. मला दोन्हीकडून विचारतात. मंडळाच्या गणपतीत कोणीतरी हमखास म्हणतं, “तुमचं मराठी किती छान आहे हो, ख्रिश्चन असून!” आणि आमच्या पॅरिशमधली, म्हणजे चर्चच्या मंडळींतली, आयरिश बाई विचारते, “तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात?” जसं काही मी मागच्या विंटरमध्ये झाले. हे सगळं मी वसुधाला तिथे पहिल्यांदाच धडाधड बोलून दाखवलं. ती म्हणाली, “मग पुस्तकाचं काहून नाव करून राहिली? तुले तुझ्यासाठीच पाह्यचं आहे.” मी गाडीत जाऊन बसले.

तळ्यातला भात

रोझच्या वस्तीचं नाव मी लिहीत नाही, तिने नको म्हटलंय. थंडर बेच्या पुढे आणखी बरंच पश्चिमेला, पाईनच्या रानात, एका तळ्याकाठी विखुरलेली घरं. काठावर पांढरं लाकडी चर्च, एका बाजूला जरा कललेलं. रोझने आम्हाला घरात घेतलं, गाडीजवळ जाऊन नाकाने वास घेतला आणि विचारलं, “मासे?” मी शरमेने उरलेली बरणी दाखवली. तिने बोटाने चाटून बघितली, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी सगळी ठेवून घेतली. बदल्यात मला धुरी दिलेला मासा दिला. वसुधा भिंतीकडे तोंड करून पोळी खात बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोझ मला तिच्या नावेत घेऊन गेली. भात म्हणजे आपल्यासारखा लावलेला नव्हे, पाण्यातच आपोआप उगवणारा, माणसाच्या उंचीचा, गवतासारखा. निघण्याआधी तिने चिमूटभर तंबाखू पाण्यात सोडला आणि तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. मग ती मागे उभी राहून बांबूसारख्या लांब काठीने नाव रेटू लागली आणि मी पुढे बसून तिने दिलेल्या दोन हलक्या काठ्या घेतल्या. एका काठीने लोंब्या नावेवर वाकवायच्या, दुसरीने हलकेच झोडपायच्या. पिकलेला दाणा तेवढा नावेत पडतो, कच्चा पुढच्या खेपेसाठी राहतो, आणि काही पाण्यात पडतो तो पुढच्या वर्षाचा. मी जोर लावला की मागून आवाज यायचा, “मारू नकोस. गुदगुल्या कर.” दाण्यांबरोबर अळ्याही पडत आणि कडकडून चावत. बाह्यांत शिरलेल्या अळ्यांनी मला असं नाचवलं की नाव उलटायचीच बाकी होती, आणि रोझ काठीला टेकून मनसोक्त हसली.

दुपारी भात उन्हात पसरला, आदल्या दिवशीचा वाळलेला मोठ्या कढईत लाकडी वल्ह्याने हलवत भाजला, तुडवला, आणि मग पाखडायची वेळ आली. बर्चच्या सालीची परडी रोझने हातात घेतली तेव्हा मी ती ओढूनच घेतली. इथे मी पाहुणी नव्हते! आईने मला सूप धरायला शिकवलेलं आहे. चार झटक्यांत फोलपटं उडाली, दाणे खाली राहिले, काळे, लांब, चकचकीत. रोझ म्हणाली, “हे कुठे शिकलीस?” मी म्हटलं, “आमच्याकडे हे सगळ्यांनाच येतं.” फार म्हणजे फार आनंद झाला मला.

त्या आनंदातच घोळ झाला.

आमच्याकडे आगेरा असतो. नव्या भाताची कणसं ऑक्टोबरात वाजतगाजत देवळात न्यायची, फादरांनी आशीर्वाद द्यायचा, मग घरी आणून खायची. लहानपणी मी ती कणसं छातीशी धरून चाललेली आहे. मला वाटलं, हेच तर शोधत आले होते मी! आपणच पिकवलेला दाणा आपणच नेऊन देवापुढे ठेवला, की देव आपला झाला. शेवटच्या वाक्याला याहून मोठा पुरावा कुठला? रोझ आत चुलीशी होती. चर्चची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. मी पहिल्या पाखडीतला मूठभर भात स्वच्छ रुमालात घेतला, चर्च उघडलं, वेदीवर ठेवला आणि गुडघे टेकले. तिला बोलावून दाखवावं असं मनात होतं. डोळे मिटून मी अगदी मनापासून प्रार्थना केली.

डोळे उघडले तर रोझ दारात उभी.

“कुणाला विचारलंस?”

मी उठून आगेराबद्दल सांगायला लागले. तिने हात वर करून थांबवलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

“माझ्या आईला लहान असताना याच पायऱ्यांवरून ट्रकमध्ये घातलं. चर्चच्या निवासी शाळेत नेलं. तिथे ती आपली भाषा बोलली की तिला मारायचे. या टेबलावर आम्ही पुष्कळ ठेवलंय, फिलोमिना. पहिला भात ठेवत नाही.”

तिने रुमाल उचलला, एकही दाणा सांडू न देता गाठ मारली, आणि निघून गेली.

मी तिथेच बाकावर बसले. बाल्टिकच्या त्या बिशपबद्दल मी शेकडो पानं लिहिली आहेत आणि पानापानावर त्याला झोडपलंय. तो दुष्ट होता म्हणून नव्हे. चांगल्या मनाने, गुडघे टेकून, कुणालाही न विचारता तो दुसऱ्याच्या मुलखातल्या वस्तू उचलून आपल्या देवापुढे ठेवत होता, म्हणून. आणि मी काय केलं? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

संध्याकाळी जेवायला बोलावतील असं वाटलं नव्हतं, पण रोझने बोलावलं. पहिल्या भाताचं एक ताट तिने बाजूला काढलं, गेलेल्या माणसांसाठी, आणि ते बाहेर झाडाखाली नेऊन ठेवलं. वसुधाला लगेच कळलं. “आमच्यात पित्राचं पान काढतात, तसंच! सध्या पक्षच चालू आहे,” ती इंग्रजीत समजावू लागली, कावळ्यापर्यंत पोचली, आणि रोझ कान देऊन ऐकत राहिली. मी मान खाली घालून बसले होते. मग पहिला घास वयाने सर्वांत मोठ्या माणसाने घ्यायचा होता. रोझने माझं वय विचारलं, वसुधाचं विचारलं, आणि पहिली वाटी वसुधापुढे ठेवली. मातीचा, धुराचा, किंचित चहाच्या पत्तीसारखा वास होता त्या भाताला. मी माफी मागितली. ती म्हणाली, “खा आधी.”

रविवार

फादर महिन्यातून एकदाच येतात आणि तो रविवार त्यांचा नव्हता. रोझने तरीही चर्च उघडलं. आम्ही दोघी बाहेरच थांबलो. तिने वळून विचारलं, “येताय?” तेव्हाच मी उंबरा ओलांडला.

आत आम्ही तिघीच. रोझ मधोमध उभी राहिली आणि ‘आमच्या बापा’ ही आम्हा ख्रिस्ती लोकांची रोजची प्रार्थना म्हणायला लागली, तिच्या भाषेत. पुटपुटत नाही. पलीकडच्या काठाला ऐकू जावं अशा आवाजात, एकेक शब्द खणखणीत. भिंती लाकडी, आवाज सगळीकडून परत येत होता. मला एक शब्द कळत नव्हता आणि अंगावर काटा उभा होता.

संपल्यावर मी विचारलं. न विचारता राहवलंच नाही. “एवढं सगळं होऊन किल्ली तू का ठेवतेस? जाऊन बस ना घरी. पडू दे हे.”

“काही जण म्हणतात पडू दे, आणि त्यांचं चुकत नाही,” ती म्हणाली. “पण माझ्या आईचं तोंड यांनी बंद केलं. मी इथेच येऊन बोलणार. याच छताखाली, दर रविवारी, मोठ्याने. फादर असले तरी, नसले तरी.”

“म्हणजे तू हे स्वीकारलंस की नाही?” माझं तेच तुणतुणं.

“तुझा शब्द आहे तो. मला नको देऊस.” मग म्हणाली, “देव आहे, तेवढं मला ठाऊक आहे. आता तू म्हण. पुस्तकातली नको. घरात बोलता ती भाषा.”

मी तोंड उघडलं. ‘आमच्या बापा’ मला लॅटिनमध्ये येतं, इंग्रजीत येतं, फादरांनी शिकवलेल्या शुद्ध मराठीत येतं. पण घरात आम्ही बोलतो ती कादोडी, आमची वसईची बोली. त्या बोलीत मी आईशी भांडले, मासळी घासाघीस करून घेतली, नवऱ्यावर रुसले, त्याच्या शेवटच्या आजारात त्याच्याशी बोलले. देवाशी त्या बोलीत एक अक्षर बोललेले नाही. देवळात जायचं म्हणजे चांगले कपडे घालायचे आणि चांगलं बोलायचं, असंच शिकलो आम्ही सगळे, आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. पहिला शब्द जिभेवर आला आणि मला लाजच वाटली. या वयात! मी रडायला लागले. रोझने घाई केली नाही. मागून वसुधाने नाक पुसायला टिश्यू पुढे केला.

मला शेवटपर्यंत जमलं नाही.

परतताना

निघताना रोझने भाताची पिशवी दिली आणि कानात बजावलं, “हा तुझा. याचं काय करायचं ते तू ठरव.” दुसऱ्या दिवशी वावाच्या पुढे मी कादोडीत एक ओळ जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. वसुधा ड्राइव्ह करत होती. मला वाटलं तिचं लक्ष नाही. सडबरी आली तेव्हा म्हणाली, “मघाची ओळ बरी होती. आताची पुस्तकी वाटून राहिली.” तिला कादोडी ओ की ठो येत नाही, पण मी तिचं ऐकलं आणि आधीची ठेवली. ‘आमची रोजची भाकरी आज आम्हाला दे’ या ओळीत भाकरीच्या जागी काय घालावं यावर तर आमचं कडाक्याचं भांडण झालं. तिने पोळी सुचवली, म्हणून मी रागाने रेडिओ लावला. शेवटी भाकरीच राहिली, फक्त आम्ही म्हणतो तशी.

मिसिसागाला पोचल्यावर संपादकाचा फोन. म्हटलं, “शेवटचं वाक्य काढ.”

“मग तिथे काय घालू? त्यांनी स्वीकारलं नाही असं?”

“तेही नको. आपल्याला माहीत नाही.”

“फिलोमिना, ते काय म्हणत होते याचा पुरावाच नाही. वाचकाला शेवट लागतो.”

“पुरावा नाही हे खरंच आहे ना? मग त्यांनी स्वीकारलं, हे तरी कुठल्या पुराव्यावर लिहिलं होतं मी? जिंकणाऱ्यांचं बोट धरून सगळं पुस्तक त्यांच्या मागे गेलं. ते मी पुन्हा लिहिणार. जिथे हरलेल्यांना कोणी विचारलं नाही, तिथे विचारलं नाही असं लिहिणार, दर पानावर लागलं तरी.”

“याला वर्ष जाईल.”

“जाऊ दे.”

त्याने सुस्कारा टाकला आणि फोन ठेवला. पुस्तकाचं मी बघून घेईन. दुसरा प्रश्न, जपमाळ कुणाची, तो काही संपादकाला विचारण्यासारखा नव्हता.

रविवारी आमच्या पॅरिशमध्ये नेहमीची इंग्रजी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, होती. चर्च भरलेलं. सगळ्यांनी उभं राहून ‘आमच्या बापा’ इंग्रजीत सुरू केलं आणि मी कादोडीत. पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसऱ्या ओळीला पुढच्या बाकावरच्या आयरिश बाईने वळून बघितलं, तिच्या शेजारच्या माणसानेही बघितलं. पूर्वीची मी तिथेच इंग्रजीवर आले असते. भाकरीपर्यंत आले तेव्हा आजूबाजूचे बरेच जण माझ्याकडे बघत होते. मी आवाज आणखी वाढवला.